मधल्या घरातली

आमच्या बोलीत आकडे उलटे चालत येतात :
आधी धाकटं, मागून थोरलं.
एफात्रा आंबी तेलुंझातू,
चार, आणि वर तीनशे.
बाजारातून परतताना
शेंबडं पोर पुढे पळत दारात येतं
आणि बाप मागून, खांद्यावर पोतं घेऊन,
तसं.

जाओझारानं ऐकलं तसं लिहिलं.
आधी चार. मग तीनशे.
पाटीवर झाले चार हजार तीनशे!
मी म्हटलं, एवढी व्हॅनिला
तुझ्या आजोबांच्या आजोबांनीही पाहिली नसेल.
सगळे हसले, तोही हसला.
पण रात्री मला झोप येईना.
त्याचं चुकलं कुठे?
कानात आलं ते हातानं उतरवलं, इतकंच.

मग आठवडाभर मुलं घरून शेंगा आणत राहिली,
तडकलेल्या, बुरशी धरलेल्या,
दलालानं तराजूवरून मागे ढकललेल्या.
दहांची जुडी, राफियाची गाठ.
दहा जुड्यांचं एक साबणाचं खोकं.
वर्गाला असा वास, की मुख्याध्यापक
काम नसताना दोनदा डोकावून गेले.
प्रत्येक शेंगेवर टाचणीनं टोचलेली मालकाची खूण,
चोर सापडावा म्हणून.

खडूनं जमिनीवर तीन घरं आखली.
डाव्या घरात तुंबुसोआ, पुढ्यात तीन खोकी,
पाटलीण बसावी तशी बसलेली.
उजव्या घरात जाओझारा, मुठीत चार सुट्या शेंगा.
मधलं घर रिकामं.
तिथे कुणाला जायचं नव्हतं.
शेवटी झाफीला बसवलं. वर्गातली सगळ्यात लहान,
चक्रीवादळानंतर मावशीकडे राहायला आलेली.

मी काय धरू?
काही नाही.
मग मी काय करू?
जागा धर.

तिला पटलं नाही. चेहऱ्यावर दिसत होतं.
म्हणून म्हटलं, बरं, ऊठ बघू.
ती उठली, तुंबुसोआ खोक्यांसकट सरकली मधल्या घरात,
आणि मधल्या घरात खोकी नसतात, जुड्या असतात,
हा तर नियमच.
उरल्या तीन जुड्या, चार सुट्या.
चौतीस.
दोनशे सत्तर शेंगा गेल्या कुठे?
टाचणीची खूण असून गेल्या,
चोर नाही, पाऊल नाही,
फक्त एक मुलगी उठली.
मुलं गप्प झाली.
जाओझारा म्हणाला, झाफी, बस बाई, बस.

ती बसली.
मांडी घालून, दोन्ही तळवे उघडे गुडघ्यांवर.

मग ट्रकच्या जुन्या चाकावर लोखंड वाजलं
आणि वर्ग बाहेर सांडला.
मी खोकी उचलली, वह्या उचलल्या,
कुलपाची किल्ली शोधत वळले
तर ही अजून तिथेच.
डावीकडे कोणी नाही, उजवीकडे कोणी नाही.

घरी नाही जायचं?
मी गेले तर मोडेल.

काय बोलणार?
पंधरा वर्षं शिकवतेय. हातचा कसा घ्यायचा शिकवलं,
उसना कसा आणायचा शिकवलं,
धरलेली जागा सोडायची कधी
हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.
तिच्याशेजारी टेकले. फरशी गार होती.
बाहेर कुणाची तरी कोंबडी ओरडत होती.
बऱ्याच वेळानं म्हटलं,
लिहून ठेव.
लिहिलं की कागद धरून ठेवतो.
मग तू सुटलीस.

तिनं वही मांडीवर घेतली.
तीनपासून नाही, चारपासूनही नाही,
आधी पानाच्या मधोमध
जीभ दातांत धरून एक गोल काढला,
नीट, न हलता.
मग त्याच्या डाव्या हाताला तीन बसवला,
उजव्या हाताला चार,
आणि पळाली.
चप्पल राहिली मधल्या घरात.